बाग-प्रश्नोत्तरे: बाकला लोळतो का, आणि त्याला उभं कसं ठेवायचं?

या वेळचे सगळे प्रश्न बाकल्याचे आहेत. बाकला म्हणजे जाड, रुंद शेंगांचा, ताठ वाढणारा घेवडावर्गीय प्रकार. काही जण त्याला फावा किंवा ब्रॉड बीन म्हणतात. वाल आणि पावटा याच्यापेक्षा वेगळे. हा फरक सुरुवातीलाच सांगतोय, कारण आलेल्या निम्म्या प्रश्नांचं मूळ त्यातच आहे: वालाची सवय बाकल्याला लावायला गेलं की झाडं लोळतात.

प्रश्न: बाकल्याची झाडं कमरेएवढी झाली आणि एका रात्रीच्या वाऱ्यापावसात निम्मी आडवी पडली. प्रत्येक झाडाला स्वतंत्र काठी लावून सुतळीने बांधलं होतं. बरीच झाडं नेमकी सुतळी बांधली तिथेच मोडली. आमचं काय चुकलं?

काठी लावली हे बरोबर केलंत, चूक बांधण्यात झाली. बाकल्याचं एखादं खोड आडवं कापून पाहा. ते चौकोनी असतं, चार धारा असतात आणि आतून पोकळ असतं. उसाच्या कांडीसारखा भरीव गाभा त्यात नसतो. अशा खोडाला बारीक सुतळी एका जागी घट्ट आवळली की वाऱ्यात झाडाचा वरचा भाग हलतो, खालचा जागेवर राहतो आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. खोड तिथे पिचकतं. पोकळ नळी एकदा पिचकली की पुन्हा गोल होत नाही, तसंच हे. त्यातून शेंगा खोडाच्या मधल्या भागात लागतात, म्हणजे वजनही नेमकं मध्येच.

म्हणून बाकला बांधायचा नाही, त्याला कुंपण घालायचं. झाडं मोकळीच राहतात, फक्त कलली तर टेकायला चारी बाजूंनी दोर असतो.

तीन मीटर लांबीच्या जोडओळीचा, म्हणजे शेजारशेजारच्या दोन ओळींचा, हिशोब असा. दीड मीटर लांबीचे ८ खुंट घ्या. बांबू, लाकडी काठ्या, लोखंडी सळया, काहीही चालेल. दोन्ही बाजूंना चार-चार, एकमेकांपासून एक मीटरवर आणि झाडांच्या ओळीपासून साधारण १० सेंटिमीटर बाहेर. मधले खुंट ३० सेंटिमीटर खोल ठोका, पण चार कोपऱ्यांचे ४० ते ४५ सेंटिमीटर. दोराची सगळी ओढ कोपऱ्यांवर येते. कोपरा आत झुकला की अख्खं कुंपण ढिलं पडतं. जाड सुतळी किंवा काथ्या ३० ते ३५ मीटर लागेल.

पहिली फेरी जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, दुसरी ६० वर, तिसरी ९० वर. प्रत्येक खुंटाला दोर नुसता टेकवून पुढे नेऊ नका, दोन वेढे मारून ओढा. मग एखादा खुंट हलला तरी ढिलेपणा त्याच्यापुरताच राहतो. मधल्या दोरावर बोटाने दाबलं तर तो दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली जाता कामा नये.

एवढं करूनही बरेच जण एक गोष्ट विसरतात: आडवे दोर. फक्त बाहेरून वेढा घातला तर झाडं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कलतात आणि गठ्ठ्यासारखी एकावर एक पडतात. समोरासमोरच्या खुंटांना जोडणारा आडवा दोर प्रत्येक मीटरवर बांधा, म्हणजे ओळीचे छोटे कप्पे होतात. एका कप्प्यातली झाडं कलली तरी शेजारच्या कप्प्यावर भार जात नाही.

वेळ महत्त्वाची. खुंट पेरणीच्या दिवशीच ठोकले तर सर्वांत चांगलं, नाहीतर रोपं वीतभर होईपर्यंत. नंतर ठोकायला गेलात तर मुळं तुटतात. दोराची पहिली फेरी रोपं ३५ सेंटिमीटरची झाली की घाला. पुढची प्रत्येक फेरी झाडं तिच्यावर १० ते १५ सेंटिमीटर गेली की लगेच. सुतळी पावसात भिजून पुन्हा वाळली की सैल होते, तेव्हा मोठ्या पावसानंतर फेरी मारून ती ताणून घ्या.

आणि एखाद्या झाडाला स्वतंत्र काठीच लावायची असेल तर सुतळी नको. जुन्या सुती कापडाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा, गाठ काठीच्या बाजूला मारा आणि खोडाभोवती दोन बोटं सहज जातील इतकी जागा ठेवा.

प्रश्न: वालाप्रमाणे जाळीवर किंवा मांडवावर चढवला तर खुंटांचा खटाटोप वाचेल का?

नाही. बाकल्याच्या पानाचं टोक बघा. वाटाण्याला जिथे आधार पकडणारा ताणा फुटतो तिथे बाकल्याला नुसतं बारीक टोक असतं. वालाचं खोड आधाराभोवती स्वतःच पीळ घालत चढतं. बाकल्याचं तेही करत नाही. जाळी उभी केलीत तर तो तिच्या शेजारी उभा राहील, तिला धरणार नाही. जाळी वापरायचीच असेल तर मोठ्या भोकांची घ्या, हाताची मूठ सहज जाईल अशी, आणि ओळीवर ३०-४० सेंटिमीटर उंचीवर आडवी ताणा. झाडं भोकांतून वर येतात आणि जाळीच त्यांना धरते. मात्र ती झाडं लहान असतानाच ताणावी लागते. आणि शेवटी झाडं काढताना ती सोडवायला वेळ लागतो, हेही धरून चाला.

प्रश्न: जी झाडं पडली आहेत ती वाचतील का?

पहिल्याच दिवशी उचलली तर बरीचशी वाचतात. पडलेल्या झाडाचा शेंडा एक-दोन दिवसांत पुन्हा वर वळतो. तो वळल्यावर झाड सरळ केलंत तर शेंडा वाकडा राहतो आणि खोडावर नवा ताण येतो. तेव्हा उशीर झाला असेल तर पूर्ण उभं करण्याचा हट्ट नको. कलत्या अवस्थेतच खाली आधार द्या, शेंगा जमिनीपासून वर राहतील एवढं पाहा. खोड पिचकलेलं पण चिरलेलं नसेल तर त्यावरच्या शेंगा बहुतेकदा भरतात. खोड फाटून आतला पोकळ भाग उघडा पडला असेल तर ते खालून छाटा, पावसाचं पाणी आत साचून कुजतं. बुंध्याशी दोन-तीन फुटवे असतात, त्यांना जागा मिळेल.

पुढच्या वेळी रोपं १५ ते २० सेंटिमीटरची झाली की बुंध्याशी ५ ते ७ सेंटिमीटर मातीची भर द्या. उपटून न पडता मुळापासूनच कलणारी झाडं यामुळे पुष्कळ कमी होतात. आणि नत्राचं खत देऊ नका. बाकल्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून त्याला देतात; वरून आणखी दिलात तर झाड उंच, रसरशीत आणि लेचंपेचं होतं.

प्रश्न: बी किती खोल, किती अंतरावर आणि कधी लावायचं? आमच्या २० बियांपैकी ८ उगवल्या, बाकीच्या उकरून पाहिल्या तर कुजलेल्या होत्या.

५ सेंटिमीटर खोल, दोन बियांत २० सेंटिमीटर. दोन ओळी एकमेकींपासून २० ते २५ सेंटिमीटरवर, समोरासमोर न येता आडव्यातिडव्या. अशा एका जोडओळीपासून दुसरी जोडओळ ६० ते ७५ सेंटिमीटर दूर. ओळीच्या शेवटी पाच-सहा बिया एकत्र टोकून ठेवा. जिथे खाडे पडतील तिथे ती रोपं मातीसकट उचलून लावता येतात.

बी कुजलं ते बहुधा थंड, चिकट मातीत पाणी साचल्यामुळे. जमीन ५ अंशांच्या वर असेल तर बाकला उगवतो, पण गार जमिनीत त्याला तीन-चार आठवडे लागतात आणि तेवढा काळ बी ओल्या मातीत पडून असतं. उबदार जमिनीत हेच काम आठ-पंधरा दिवसांत होतं. बी रात्रभर भिजवून लावायची सवय अनेकांना आहे. माती कोरडी आणि ऊबदार असेल तर ठीक. माती आधीच ओली-गार असेल तर कोरडंच बी लावा. पेरल्यावर एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत, माती बोटाला कोरडी लागत नसेल तर, पुन्हा देऊ नका. जमीन चिकट असेल तर गादीवाफा करा. किंवा १० सेंटिमीटर खोल कुंड्यांत रोपं करून, चार पानांवर आली की लावा. उंदीर बिया उकरून नेत असतील तर हाच खात्रीचा उपाय.

एक दिलासा. बाकल्याची बीजदलं, म्हणजे बियांच्या दोन डाळी, उगवताना जमिनीतच राहतात, घेवड्यासारखी वर येत नाहीत. त्यामुळे कोवळा शेंडा पक्ष्याने खुडला किंवा थंडीने जळला तरी रोप उपटू नका, खालच्या डोळ्यातून नवा कोंब येतो.

आता कधी लावायचं. हे पीक थंडीचं आहे; १५ ते २० अंशांत ते खुलतं. फुलोऱ्यात दिवसाचं तापमान बराच काळ २५ अंशांच्या वर राहिलं की फुलं गळतात. म्हणून तारीख फुलोऱ्यावरून मागे मोजत ठरवा. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे दिवस गार होऊ लागले की लगेच पेरा, म्हणजे अख्खी थंडी हाताशी राहते. जिथे बर्फ पडतो तिथे थंडी सोसणारं ‘अक्वाडल्स’सारखं वाण हिवाळ्याआधी, किंवा बाकीची वाणं हिवाळा सरता सरता. थंडी संपताना पेरलेला बाकला साधारण साडेतीन-चार महिन्यांत काढणीला येतो. हिवाळा जमिनीत काढणारा त्याहून बराच जास्त वेळ घेतो.

प्रश्न: फुलं भरपूर, शेंगा मोजक्या. काळे ठिपके असलेली पांढरी फुलं खाली गळून पडतात.

काळा ठिपका हा रोग नव्हे, तो फुलाचाच. एका बेचक्यात चार-पाच फुलं येऊन त्यांतून एक-दोन शेंगा धरणं हेही नेहमीचंच, आणि सर्वांत खालची फुलं बऱ्याचदा जातात. पण जवळजवळ सगळीच गळत असतील तर तीन गोष्टी तपासा.

उष्णता: वर सांगितलंच आहे. पाणी: फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या काळात बाकल्याला ताण सोसत नाही. पाऊस नसेल तर एका चौरस मीटरला आठवड्याला २० लिटरच्या आसपास पाणी द्या, रोज झारीने शिंपडण्यापेक्षा एक-दोन वेळा खोलवर. आणि मधमाशा. बाकला काही प्रमाणात स्वतःचं परागीभवन करतो, पण माशी फुलावर बसून खालची पाकळी दाबली गेली की शेंगा जास्त धरतात. फूल हातात घेऊन देठाकडची बाजू पाहा: तिथे बारीक भोक असेल तर भोंगेमाशीने मागूनच मध चोरला आहे, परागाला स्पर्श न करता. माशा फिरकत नसतील तर दुपारी फुलं उमललेली असताना अंगठा आणि बोटाने पंखासारख्या पाकळ्या हळूच खाली दाबा, किंवा सगळी झाडं हलकेच हलवा. फुलोऱ्यात कसलीही फवारणी करायची झाली तर संध्याकाळी, माशा गेल्यावरच.

प्रश्न: शेंड्यांवर काळा मावा इतका आहे की देठ दिसत नाही. औषध कोणतं मारू?

औषधाआधी कात्री. सर्वांत खालच्या शेंगा बोटाच्या पेराएवढ्या झाल्या की प्रत्येक खोडाचा वरचा ७ ते १० सेंटिमीटर शेंडा खुडून टाका. मावा कोवळ्या शेंड्यातल्या रसासाठी येतो. शेंडा गेला की त्याचं खाणं गेलं. झाडाची शक्तीही उंची वाढवण्याऐवजी शेंगांकडे वळते, आणि उंची थांबल्याने वाऱ्याचा भारही कमी होतो. मावा यायच्या आधी खुडलेले शेंडे पालेभाजीसारखे खाता येतात. मावा लागलेले शेंडे लगेच पिशवीत भरून बागेबाहेर न्या, वाफ्यात टाकले तर किडे पुन्हा चढतील.

खाली उरलेल्या माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. नाही भागलं तर १ लिटर पाण्यात ५ मिलिलिटर सौम्य द्रव साबण, पानांच्या खालच्या बाजूने, उन्हं उतरल्यावर. आधी एका झाडावर मारून दुसऱ्या दिवशी पानं भाजली नाहीत ना ते बघा. कपड्यांची पावडर वापरू नका. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली तर तिकडे लक्ष द्या. माव्याच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात.

प्रश्न: पानांच्या कडा कातरल्यासारख्या झाल्या आहेत आणि काही पानांवर तपकिरी ठिपके आहेत. एकच रोग का?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडेला ओळीने अर्धगोल कातरे हे करड्या रंगाच्या, ४-५ मिलिमीटरच्या सोंड्या भुंग्याचं काम. मोठ्या झाडाला त्याने फारसं बिघडत नाही. वीतभराहून लहान रोपांना पाणी देऊन वाढतं ठेवा, ती पुढे निघून जातात.

ठिपक्यांसाठी पांढरा कागद घ्या आणि पान त्यावर घासा. नारिंगी-तपकिरी भुकटी लागली तर तो तांबेरा. हंगामाच्या शेवटी येतो, शेंगा भरल्या असतील तर काळजी नको. भुकटी नाही, आणि चॉकलेटच्या रंगाचे ठिपके हळूहळू एकमेकांत मिसळतायत, खोडावरही रेषा आहेत, तर तो बोट्रायटिस बुरशीचा करपा. दमट, कोंदट हवेत तो दोन-चार दिवसांत अख्खा वाफा काळा करू शकतो. खालची लागण झालेली पानं काढा, तण काढा, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी द्या. दाट लागवड, जास्तीचा नत्र, पालाशची कमतरता आणि आम्ल माती ही त्याची आवडती ठिकाणं. मातीचा सामू (पीएच) ६.५ ते ७ च्या दरम्यान असावा. मी तर म्हणेन, २० सेंटिमीटरचं अंतर हाच करप्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. जागा वाया जाते असं वाटून १० वर लावणारे शेवटी दोन्हीकडून हरतात.

प्रश्न: कुंडीत होईल का?

होईल. बुटकं वाण घ्या. ‘द सटन’ हे वाण ३० ते ४५ सेंटिमीटरच वाढतं. ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच खोल कुंडीत तीन झाडं, जास्त नाही. कडेने चार काड्या आणि एक दोर पुरे. कुंडीची माती लवकर सुकते, फुलोऱ्यात रोज बोट घालून पाहा.

प्रश्न: शेंगा कधी काढायच्या? आमचे दाणे जाड सालीचे, पिठूळ लागले.

उशीर झाला. शेंगेवर दाण्यांचे फुगवटे दिसू लागले की एक शेंग उघडा. आत पांढरी मऊ लव असते आणि प्रत्येक दाण्याला देठाशी जोडणारी रेघ असते. ती रेघ पांढरी किंवा हिरवट असेल तर दाणा कोवळा आहे. काळी झाली की साल जाड होते आणि दाण्यात पीठ धरतं. असा दाणाही वाया जात नाही, उकळून बाहेरची साल बोटाने काढून टाका. शेंगा खालून वर पिकतात, म्हणून तोडणीही खालून वर, दर तीन-चार दिवसांनी. ओढू नका, कात्रीने कापा किंवा खालच्या दिशेने पिळा. ओढल्यावर खोडाची साल सोलून येते.

प्रश्न: बाकला काही लोकांना चालत नाही असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि हे हलक्यात घेऊ नका. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी बाकल्यातल्या व्हायसीन आणि कॉन्व्हायसीन या द्रव्यांमुळे फुटू शकतात. ही कमतरता आनुवंशिक असते आणि पुरुषांत जास्त आढळते. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत अशक्तपणा, डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं असं दिसलं तर थेट रुग्णालयात जा. शिजवल्याने धोका जातो असं समजू नका. घरात कुणाला ही कमतरता असेल, तर त्यांच्यासाठी हे पीक नाही. लहान मुलांना आणि स्तनपान देणाऱ्या आईलाही हीच काळजी. दुसरं, बाकल्यात, विशेषतः कोवळ्या शेंगांत, लेवोडोपा असतं. कंपवातावरची लेवोडोपाची किंवा एमएओ रोधक गटातली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

प्रश्न: तोडणी संपली. झाडं उपटून टाकू का? आणि बी धरता येईल का?

उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं मातीतच राहू द्या; त्यांवरच्या गाठींतला नत्र कुजल्यावर पुढच्या पिकाला मिळतो. एखादी गाठ नखाने फोडून बघा, आतून गुलाबी असेल तर ती काम करत होती. त्याच जागी तीन वर्षं बाकला किंवा वाटाणा लावू नका. पालेभाज्या मात्र जरूर लावा.

बियाण्यासाठी पाच-सहा निरोगी झाडं निवडून त्यांच्या खालच्या शेंगा राखून ठेवा. जवळ दुसरं वाण फुललेलं असेल तर माशा दोन्हींचा संकर करतात, म्हणून बी धरायचं त्या हंगामात एकच वाण. शेंगा झाडावर काळ्या होऊन खुळखुळू लागल्या की काढा, दाणे सावलीत दोन आठवडे वाळवा. नखाने दाबून खाच पडली नाही की वाळले. दाण्यात गोल भोक दिसलं तर आत भुंगेऱ्याची अळी होती. असं बी उगवतं, पण रोप कमजोर निघतं, ते वेगळं काढा. बाकीचं घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रीझरमध्ये तीन-चार दिवस ठेवा, आतली कीड मरते. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर हवेतली ओल बियांवर जमेल. कोरड्या, गार जागी हे बी तीन वर्षं चांगलं उगवतं.